जकात आणि गरिबांचे देणे

'जकात' हा शब्द कानी पडताच आमच्या व्यापारी वाचकांच्या डोळ्यांपुढे गावाच्या वेशीवरचे नाके, तेथे थांबविलेली मालमोटार आणि पावती फाडणारा कारकून ही त्रयी उभी राहते. ते नाके आता उरले नाही. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर अंमलात आला, तेव्हा मुंबई महापालिकेची जकातही उठली आणि या शब्दाशी व्यापाऱ्यांचा जो नित्याचा तंटा होता तो मिटला. परंतु ज्या अरबी शब्दापासून फारसीच्या वाटेने हा शब्द मराठीत उतरला, त्याचा मूळ अर्थ माल अडवून घेतलेला कर असा नव्हे. शुद्धी आणि वृद्धी असे दोन अर्थ त्यात आहेत. संपत्तीत जो दुसऱ्याचा भाग आहे तो काढून दिला म्हणजे उरलेली संपत्ती शुद्ध होते व वाढते, अशी त्यामागील कल्पना होय. नमाज व रोजा यांप्रमाणेच जकात हाही इस्लामच्या पाच आधारस्तंभांपैकी एक स्तंभ मानिला आहे. या जकातीविषयी आज चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

आमच्या हिंदू वाचकांपैकी कोणी विचारील, की परधर्मातील विधीचा ऊहापोह आम्ही कशासाठी मांडावा? त्यास आमचे उत्तर असे की, गोंदियाच्या शेजारचे नागरा हे गाव डोळ्यांपुढे आणावे. तेथील प्राचीन शिवमंदिरामुळे गावाचे नाव आसपासच्या मुलखात सर्वांस ठाऊक आहे. या भागात जिकडे तिकडे धानाच्या बांध्या. गोंदियास तांदळाच्या गिरण्या. आणि उन्हाळा लागला की तेंदूपत्त्याचा हंगाम. या मुलखातील मनुष्य गरीब होतो तो आपल्या धर्मामुळे होत नाही. पाऊस ओढ घेतो, घरात कोणी अंथरुणास खिळतो, मुलीच्या लग्नास कर्ज होते, कर्त्या पुरुषास मृत्यू गाठतो, आणि काल ज्या घरातून चार घास दुसऱ्यास जात होते ते घर आज दुसऱ्याच्या दाराकडे पाहू लागते. हे संकट देऊळ आणि मशीद असा भेद करीत नाही. त्याचप्रमाणे देणारे हातही सर्व समाजांत आहेत. उणीव कोठे असेल तर ती देण्याच्या रीतीत आहे. आणि द्यावे किती, कोणास व कशा प्रकारे, याचा विचार ज्या संस्थेत नियमांनी बांधून टाकिला आहे ती संस्था सर्वांनीच समजून घेण्याजोगी आहे.

प्रथम हिशेब पाहू. ज्याच्यापाशी आपल्या गरजा भागून व देणी वजा जाऊन ठराविक मर्यादेइतकी संपत्ती राहते, आणि ती चांद्रवर्षभर टिकते, त्याने तिचा चाळिसावा भाग, म्हणजे शेकडा अडीच, दिला पाहिजे. या मर्यादेस 'निसाब' म्हणतात. आपल्या देशात ती साडेसात तोळे सोने, म्हणजे ८७.४८ ग्रॅम, अथवा साडेबावन्न तोळे चांदी, म्हणजे ६१२.३६ ग्रॅम, अशी धरितात. राहते घर, अंगावरचे कपडे, कारागिराची हत्यारे, गिरणीची यंत्रे यांवर जकात नाही. रोकड, सोने, चांदी व विक्रीसाठी ठेविलेला माल यांवर ती आहे. उदाहरणार्थ, एखाद्या तांदळाच्या व्यापाऱ्याच्या कोठारात विक्रीचा माल १२ लाख रुपयांचा आहे, रोख व पेढीवर मिळून ३ लाख आहेत, आणि खात्रीने वसूल होणारी येणी २ लाखांची आहेत, असे समजा. एकूण १७ लाख झाले. त्यातून त्याची स्वतःची देणी ५ लाख वजा केली, तर बाकी १२ लाख उरते. तिच्यावर जकात ३०,००० रुपये. या आकड्यात दात्याच्या लहरीस जागा नाही. मन प्रसन्न असले म्हणून थोडे अधिक आणि धंद्यात चिडचीड झाली म्हणून थोडे कमी, असा प्रकार येथे चालत नाही. अधिक द्यावयाचे असेल तर त्यास 'सदका' हे निराळे नाव आहे व त्यास सीमा नाही. रमजानच्या अखेरीस ईदच्या नमाजापूर्वी द्यावयाचा 'फितरा' हाही निराळा.

शेतकऱ्यासाठी वेगळा नियम आहे. पावसाच्या पाण्यावर पिकलेल्या धान्याचा दहावा भाग आणि स्वतः खर्च व श्रम करून पाणी दिलेल्या पिकाचा विसावा भाग द्यावा, यास 'उश्र' म्हणतात. हिंदुस्थानातील जमिनीस हा नियम लागू आहे की नाही याविषयी उलेमांमध्ये जुना मतभेद आहे; त्या वादात आम्ही शिरत नाही. परंतु ज्याने पाणी खेचण्यासाठी पैसा व घाम खर्चिला त्याच्यावर निम्माच भार ठेविण्यात जो व्यवहारी न्याय दिसतो, तो बांधीवर राबणाऱ्या कोणाही शेतकऱ्यास तत्काळ पटेल.

आता ही रक्कम कोणास द्यावी? कुराणाच्या नवव्या अध्यायातील साठाव्या आयतीत आठ वर्ग सांगितले आहेत: फकीर, म्हणजे अत्यंत दरिद्री, मिस्कीन, म्हणजे ज्याचे भागत नाही असा गरजू, जकात गोळा करून वाटणारे नोकर, ज्यांची मने जोडून घ्यावयाची असे लोक, गुलामगिरीतून सोडवावयाची माणसे, कर्जात बुडालेले, ईश्वराच्या मार्गातील कार्य, आणि वाटेत अडकलेला प्रवासी. या यादीत दोन गोष्टी विशेष लक्षात घेण्यासारख्या आहेत. एक, वसुली व वाटप करणाऱ्यांच्या वेतनाची तरतूद त्या मूळ वचनातच आहे. म्हणजे हे काम प्रत्येकाने आपापल्या ओसरीवर बसून करावे अशी आरंभी कल्पना नव्हती, तर एकत्र गोळा करून व्यवस्थेने वाटावे अशी होती. दुसरी, कर्जदार हा भिकाऱ्यापासून वेगळा असा स्वतंत्र वर्ग धरिला आहे. ज्याच्या घरी चूल पेटते, ज्याच्या अंगावर नीटनेटके कपडे आहेत, पण जो सावकाराच्या व्याजाखाली दबला आहे, त्याचाही या पैशावर हक्क सांगितला आहे. विदर्भातील शेतकऱ्यांच्या कर्जाची कहाणी ज्यांस ठाऊक आहे त्यांस या एका शब्दाचे मोल निराळे सांगावयास नको.

कोणास देऊ नये, हेही ठरलेले आहे. आईबाप, आजीआजोबा, मुले, नातवंडे, यांस जकात देता येत नाही. कारण त्यांचे पोषण हे आधीच आपले कर्तव्य आहे. पतीने पत्नीस देऊन ती रक्कम घरातच ठेवण्याची सोयही नाही. गरजू भाऊ, बहीण, मावशी, आत्या यांस मात्र द्यावी, किंबहुना आधी द्यावी. त्याचप्रमाणे नोकराच्या मजुरीत जकात वळती करिता येत नाही. जो व्यापारी हमालाची रोजी कमी ठेवितो आणि सणाच्या दिवशी त्याच्याच हातावर चार नोटा ठेवून आपली जकात फिटली असे समजतो, त्याची जकात फिटत नाही आणि मजुरीही फिटत नाही. मजुरी हे एक ऋण, जकात हे दुसरे. हा नियम प्रत्येक गिरणीच्या व प्रत्येक दुकानाच्या भिंतीवर लावण्याजोगा आहे, मग मालकाचा धर्म कोणताही असो.

येथे स्त्रियांविषयीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. मुसलमानी कायद्याने स्त्रीचे दागिने हे तिचे स्वतःचे धन आहे. विदर्भात बहुसंख्य मुसलमान ज्या हनफी मताचे आहेत त्या मताप्रमाणे अंगावर वापरावयाच्या सोन्याचांदीच्या दागिन्यांवरही जकात आहे. कोकणी मुसलमान ज्या शाफई मताचे आहेत त्यात वापरातील दागिन्यांस ती सहसा माफ आहे. म्हणजे हनफी घरातील गृहिणी ही स्वतंत्र देणेकरीण झाली. ती आपली जकात स्वतः मोजू शकते, कोणास द्यावी हे स्वतः ठरवू शकते. व्यवहारात मात्र हा निर्णय नवरा अथवा मुलगा परस्पर घेतो, असे आढळते. धर्माने दिलेला हक्क रूढीने काढून घ्यावा, हा प्रकार एकाच समाजात घडतो असे मुळीच नाही.

येथवर नियम झाले. आचार पाहू गेल्यास चित्र तितके समाधानकारक नाही. रमजान आला की पेठेत दात्यांच्या दारांपुढे रांगा लागतात. सुट्या पैशांच्या व लहान नोटांच्या गड्ड्या घेऊन शेठजी बसतात, आणि जो पुढे येईल त्याच्या हातावर काही पडते. ज्याचा आवाज मोठा व खांदा बळकट त्यास दोनदा मिळते. जी विधवा पडद्याआड आहे, ज्यास मागण्याची लाज वाटते, तो बीडी वळणारा अथवा शिंपी घरीच राहतो. गरिबीचा कस रांगेत उभे राहण्याच्या धैर्याने लावणे हे न्यायाचे नव्हे. याची परिसीमा १९ एप्रिल २०२३ च्या रात्री येमेनची राजधानी साना येथे दिसली. रमजानच्या अखेरीस व्यापाऱ्यांकडून रोख रक्कम वाटली जात असता चेंगराचेंगरी झाली आणि सत्तरांहून अधिक माणसे प्राणास मुकली. दात्यांचा हेतू वाईट होता असे कोणी म्हणणार नाही. रीत मात्र इतकी वाईट होती की, दानाच्या दारात माणसे मेली. आपल्याकडे असे झाले नाही म्हणून आपली रीत चांगली, असा निष्कर्ष काढणे शहाणपणाचे होणार नाही.

दुसरा दोष वसुलीचा आहे. या महिन्यात दूरदूरच्या संस्थांचे प्रतिनिधी पावतीपुस्तके घेऊन गावोगाव फिरतात. त्यांत प्रामाणिक माणसे पुष्कळ आहेत व गरीब विद्यार्थ्यांचे अन्न त्यांच्यामुळे चालते, हे आम्ही जाणतो. तथापि काही ठिकाणी वसुलीवर टक्केवारीने मोबदला ठरतो, आणि त्या प्रथेवर मुसलमान विचारवंतांनी स्वतःच टीका केली आहे. दात्याने पावती घेतली, खिशात घातली, आणि पैसा कोठे गेला हे पुन्हा कधी विचारिले नाही, तर दोष केवळ घेणाऱ्याचा नव्हे. जो मनुष्य धान विकत घेताना मूठभर दाणे हातावर चोळून पाहतो, त्याने आपल्या धर्माच्या देण्याविषयीच डोळे का मिटावे?

सुदैवाने याहून चांगली उदाहरणे दूर शोधावयास नकोत. २०२० सालच्या महामारीत इचलकरंजी येथील मुसलमान समाजाने रमजानातील आपली वर्गणी एकत्र करून सुमारे ३६ लाख रुपये उभे केले, आणि आयजीएम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तेथील सार्वजनिक रुग्णालयात दहा खाटांचा अतिदक्षता विभाग उभारून दिला. ईदच्या दिवशी तत्कालीन मुख्यमंत्री श्री. उद्धव ठाकरे यांनी दूरचित्र माध्यमातून त्याचे उद्घाटन केले. पुढील वर्षी, एप्रिल २०२१ मध्ये, प्राणवायूवाचून नागपुरात माणसे तडफडत असता, एकेकाळी नागपूर रेल्वे स्थानकाबाहेर संत्री विकून पुढे मोठे वाहतूक व्यावसायिक झालेले श्री. प्यारे खान यांनी टँकर मिळवून सुमारे ४०० टन प्राणवायू रुग्णालयांस पोहोचविला. त्यासाठी सुमारे ८५ लाख रुपये खर्च झाला, आणि शासनाने तो परत देऊ केला असता, ही आपली रमजानातील जकात आहे असे सांगून त्यांनी तो घेतला नाही. त्या प्राणवायूने ज्यांचे श्वास चालू राहिले त्यांस कोणी जात विचारिली नाही, धर्मही विचारिला नाही.

या उदाहरणांवर काटेकोर शास्त्रकार एक आक्षेप घेतील, तो येथे न लपविता सांगितला पाहिजे. हनफी मताप्रमाणे जकात देताना ती घेणाऱ्यास तिचे पुरते मालक केले पाहिजे. म्हणून इमारत, रस्ता अथवा विहीर यांत घातलेला पैसा जकात होत नाही, तो सदका होतो. तसेच बहुतेक जुन्या शास्त्रकारांच्या मते जकात ही गरीब मुसलमानासच द्यावयाची; सदका कोणाही माणसास देता येतो. काही अर्वाचीन पंडित या दोन्ही मुद्द्यांवर अधिक सढळ मत देतात. निर्णय करण्याचा अधिकार आमचा नव्हे. परंतु मालकीच्या नियमामागील बुद्धी आम्हांस महत्त्वाची वाटते. गरिबाच्या नावाने दात्यांनी आपल्या आवडीची इमारत बांधून तीवर आपल्या नावाची शिळा बसवू नये; पैसा गरिबाचा आहे, तो त्याच्या हाती पडावा व त्याने तो आपल्या गरजेप्रमाणे वापरावा. नावाच्या शिळांनी भरलेल्या आपल्या देवळा-धर्मशाळांकडे पाहिले म्हणजे हा नियम किती दूरदृष्टीचा आहे हे कळून येते.

काही सुधारक म्हणतात की, हे सर्व नीट व्हावयाचे तर राजसत्तेने हात घातला पाहिजे. तो प्रयोग पाकिस्तानात झाला आहे. १९८० साली तेथे जकात व उश्र यांचा हुकूम निघाला आणि रमजानच्या आरंभी बँकांच्या बचत खात्यांतून शेकडा अडीच रक्कम परस्पर कापली जाऊ लागली. शिया पंथीयांनी राजधानीत प्रचंड निदर्शने करून आपली सुटका करून घेतली; आणि इतर पुष्कळांनी चंद्र दिसण्यापूर्वी खात्यातून पैसे काढून घेण्याचा मार्ग पत्करिला. धर्माचे देणे सरकारी कपात झाले की, त्यातील धर्म जातो आणि चुकविण्याची युक्ती तेवढी राहते. आपल्या देशात हा विषय लोकांच्या स्वेच्छेवर आहे, तो तसाच राहावा. पण स्वेच्छेने दिलेले म्हणून त्यास हिशेब नको, हे आम्हांस मान्य नाही. दिल्लीस १९९७ साली स्थापन झालेल्या जकात फाउंडेशन ऑफ इंडिया या संस्थेने गरीब मुलांस प्रशासकीय सेवांच्या परीक्षांसाठी साहाय्य करण्याचे काम हाती घेतले. स्वेच्छेच्या पैशालाही शिस्त लाविता येते याचे ते एक उदाहरण होय.

मग नागरा-गोंदियासारख्या ठिकाणी काय करिता येईल? आमच्या मते तीन गोष्टी होण्याजोग्या आहेत. पहिली, मोहल्ल्यातील विश्वासू माणसांनी, ज्यांत स्त्रियाही असाव्यात, मिळून एक सामाईक निधी, ज्यास बैतुलमाल म्हणतात, ठेवावा आणि दात्यांनी आपल्या जकातीचा निदान अर्धा भाग तेथे द्यावा. किती आले व कोणत्या कारणासाठी किती गेले हे वर्षाअखेर मशिदीच्या फळ्यावर लिहावे. घेणाऱ्यांची नावे मात्र कदापि लिहू नयेत व त्यांची छायाचित्रे काढू नयेत. दुसरी, शंभर जणांस शंभर शंभर रुपये देऊन सर्वांस पुढील रमजानापर्यंत जैसे थे ठेवण्यापेक्षा काही थोड्यांस इतके द्यावे की, पुढील वर्षी त्यांचे नाव यादीत राहू नये. एका विधवेस शिवणयंत्र, एका तरुणास हातगाडी व पहिला माल, एका मुलीस पदवीपर्यंतचे शुल्क, असे हे देणे असावे. तिसरी, आणि आमच्या दृष्टीने सर्वांत निकडीची, कर्जदारांचा जो वर्ग मूळ वचनात आहे त्यास जागे करावे. ज्याने आजारपणासाठी अथवा बियाण्यासाठी कर्ज काढिले व जो व्याजाच्या फेऱ्यात सापडला, त्याचे मुद्दल धनकोस समक्ष देऊन कागद फाडून घ्यावा. सावकारीवर नियंत्रण ठेवणारा महाराष्ट्राचा कायदा २०१४ सालापासून आहे. पण ज्यास दुसरा आधार नाही तो कायद्याची वही घेऊन सावकाराशी भांडत नाही, आणखी कर्ज काढितो. त्यास तो दुसरा आधार मिळाला पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, शेकडा अडीच रुपयांनी दारिद्र्य हटत नाही. खरे आहे. योग्य मजुरी, धानास योग्य भाव, सरकारी दवाखान्यात औषध व शाळेत शिक्षक यांची जागा कोणतेही दान घेऊ शकत नाही, आणि जकातीच्या नावाखाली या मागण्या मागे टाकणे अन्यायाचे होईल. परंतु दवाखान्याचे बिल उद्या भरावयाचे आहे आणि शासनाची योजना कागदोपत्री अडकली आहे, अशा वेळी शेजाऱ्याच्या निधीतून मिळालेले पाच हजार रुपये एका कुटुंबास सावकाराच्या दारापासून वाचवितात.

शेवटी आमच्या हिंदू व्यापारी बंधूंस एक प्रश्न. बाजारात बिलावर 'धर्मादाय' म्हणून काही पैसे कापण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. १९५० सालच्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्यातील ५४ व्या कलमाने असा पैसा व्यापाऱ्याचा मानिला नाही. तो त्याच्याकडे विश्वस्त या नात्याने राहतो, आणि त्याचा हिशेब धर्मादाय खात्यास दिला पाहिजे, असे ठरविले आहे. म्हणजे जे तत्त्व मुसलमानाच्या धर्मशास्त्राने सांगितले तेच आपल्याकडे बाजाराच्या रूढीने व नंतर कायद्याने मान्य केले: तुमच्या तिजोरीतील काही पैसा तुमचा नाही. आपल्या वहीत धर्मादायाचे खाते आहे काय, असल्यास त्यात किती शिल्लक आहे, आणि ती गेल्या वर्षी कोणत्या गरिबाच्या कामी आली, हे प्रत्येकाने आज संध्याकाळी दुकान बंद करण्यापूर्वी एकदा उघडून पाहावे. मुसलमान बंधूंनी आपली जकात शास्त्राप्रमाणे मोजावी व व्यवस्थेने वाटावी, आणि हिंदू बंधूंनी आपला धर्मादाय त्याच काट्यावर तोलावा. नागऱ्याच्या बांधीत राबणाऱ्या माणसास तो पैसा कोणत्या खात्यातून आला हे विचारावयाची गरज पडणार नाही. त्याचे देणे त्यास वेळेवर पोहोचले, एवढेच त्यास कळेल.